उन्हाळ्यातील डोह व गळाची मासेमारी

चैत्र सरून वैशाख लागला, रब्बीची खळी उठली, नांगरट आटोपली, म्हणजे नदीकाठच्या शेतकऱ्यास चार दिवसांची उसंत मिळते. याच दिवसांत नदीही आपले अंग चोरून घेते. श्रावणात दोन्ही थड्या भरून वाहणारे पात्र वैशाखात एका चिंचोळ्या धारेइतके उरते, आणि मधूनमधून खडकांच्या कुशीत खोल पाण्याचे साठे तेवढे शिल्लक राहतात. यांसच आपण डोह अगर कोंड म्हणतो. पात्रातील बहुतेक सारे मोठे मासे या दिवसांत डोहांच्या आश्रयास येतात, आणि म्हणूनच गळ टाकणाऱ्यांचा हंगामही हाच होय. प्रस्तुत लेखात या मासेमारीची रीत सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

परंतु आरंभीच एक गोष्ट वाचकांच्या कानी घालणे जरूर आहे. वैशाखातील डोह ही नदीची बियाण्याची कणगी आहे. पुढील पावसाळ्यात जे मासे अंडी घालणार, ते सर्व या घटकेस त्या एवढ्याशा पाण्यात गोळा झालेले असतात. कणगीतील मूठभर दाणे काढून खाल्ले तर पेरणी अडत नाही. पण कणगीच दळून खाल्ली तर पुढचे वर्ष उपाशी जाते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर आहे.

आम्ही मत्स्यशास्त्राचे पंडित नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. मात्र पाणीटंचाईच्या पाहण्या, पंचनामे व पीकपाहणी यांच्या निमित्ताने पुष्कळ नद्यांचे काठ पायांखाली घातले, आणि गळाचा नाद लहानपणापासूनचा. जे पाहिले व जे खात्रीचे आहे तेवढेच येथे देत आहोत.

डोहातील मुख्य मासा.— आपल्या सह्याद्रीकडील नद्यांत मरळ, वाम, शिंगाळा इत्यादी मासे आढळतात. परंतु गळाचा खरा कस पाहणारा मासा म्हणजे महसीर. कित्येक ठिकाणी यास खडशी म्हणतात. मोठे, जाड व तांबूस सोनेरी झाक असलेले खवले, जाड ओठ, आणि ओठांजवळ चार मिशा, ही याची ओळख. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची आकडेवार माहिती गोळा करणारा लष्करी अधिकारी कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. त्याने दिलेले ‘खुद्री’ हे नाव आजही ‘टॉर खुद्री’ या शास्त्रीय नावात टिकून आहे. गावोगावची जमीन, पिके व माणसे यांची नोंद करणाऱ्याच्या हातून माशांचीही नोंद झाली, ही गोष्ट आमच्यासारख्या दप्तरी माणसास विशेष वाटते.

महसीरच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, आणि त्यांनी तो खेकड्याची पाठ व गोगलगाईचे शिंपले सहज चुरतो. त्याचे खाणे मिश्र आहे. शेवाळ, किडे, खेकडे, लहान मासे, आणि काठच्या झाडांवरून पडणारी फळे, विशेषतः उंबर, हे सर्व त्यास चालते. ज्या डोहावर उंबराची फांदी वाकलेली असेल, त्याच्या सावलीत महसीर असण्याचा संभव अधिक, हे यावरून सहज ध्यानात येईल.

हा मासा पावसाळ्यात, पाणी चढू लागले म्हणजे, वरच्या अंगास वाळू-गोट्यांच्या जागी जाऊन अंडी घालतो. रोहूसारख्या माशाची मादी लाखांनी अंडी घालते. महसीरची अंडी त्या मानाने फारच थोडी, हजारांच्या हिशेबातील. ती पाण्यावर न तरंगता तळच्या गोट्यांत बसतात, आणि फुटण्यास सुमारे तीन दिवस लागतात. पिलू बाहेर आले तरी ते पुढील काही दिवस दगडांच्या सांदीत निपचित पडून राहते. म्हणजे अंडी थोडी, वाढ सावकाश, आणि बालपण धोक्याचे. अशा माशाच्या वेचक माद्या वैशाखात मारल्या तर त्याची भरपाई एका-दोन वर्षांत होत नाही.

मासा कोठे व केव्हा मिळतो.— उन्हाळ्यात मासा सर्व डोहभर सारखा पसरलेला नसतो. याचे कारण असे की, पाणी जसजसे तापते तसतसा त्यात मावणारा प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांस तोच सुमारे साडेसात राहतो. म्हणून मासा अशी जागा धरतो, जेथे पाणी खळाळून हवा घेते किंवा गार राहते. त्या जागा येणेप्रमाणे :

१. डोहाचे तोंड, म्हणजे वरची उथळ धाव जेथे खोल पाण्यात उतरते ती जागा. येथे प्राणवायूही मिळतो व वाहत येणारे खाणेही मिळते.
२. धारेतील मोठ्या धोंड्याची आडोशाची बाजू. मासा तेथे अंग विसावून धारेतून येणारा किडा टिपतो.
३. काठच्या झाडाची सावली, उंबराची सर्वांत उत्तम.
४. काठातून झरा पाझरत असेल ती जागा.

वेळेविषयी म्हणाल तर पहाटे फटफटल्यापासून ऊन चढेपर्यंत, आणि सायंकाळी सूर्य टेकल्यापासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात मासा खोल बसतो व सहसा आमिष घेत नाही. शिवाय तापल्या पाण्यात ओढाताण झालेला मासा सोडून दिला तरी मरतो. सबब दुपारी गळ गुंडाळून ठेवावा, हेच बरे.

साहित्य.— लहान माशांसाठी साधी वेळूची काठी, तंगूस, शिशाचा बारीक मणी आणि तरंगण्यास मोरपिसाच्या देठाचा तुकडा एवढे पुरते. महसीरसाठी मात्र काठीस रीळ पाहिजे व त्यावर शंभर हात तरी तंगूस पाहिजे. कारण गळ लागताच तो पहिली जी धाव घेतो ती आखूड दोरीस सोसत नाही. गळ जाड व कठीण पोलादाचा घ्यावा. बारीक गळ तो चुरून टाकतो. गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. तंगूस ताणलेली ठेवली तर अशा गळातूनही मासा सहसा सुटत नाही, आणि सोडावयाचा झाल्यास त्याचे तोंड फाटत नाही.

आमिष.— नाचणीचे पीठ अथवा कणीक घट्ट मळून, वाफवून, लिंबाएवढा गोळा करावा. कावेरीकाठी नाचणीच्या गोळ्याची रीत फार दिवसांची आहे. गोळा पाण्यात लवकर विरघळत असेल तर त्यात थोडा कापूस मळावा. उंबराखाली गळ टाकावयाचा असल्यास पिकलेले उंबरच गळास लावावे. शिसे लावू नये, आणि फळ झाडावरून पडल्यासारखे अलगद पाण्यात पडू द्यावे. याखेरीज लहान खेकडा, गांडूळ व भिजलेले हरभरे हीही चालतात.

रीत.— उन्हाळ्यातील पाणी नितळ असते, आणि जसा आपणांस मासा दिसतो तसे आपणही त्यास दिसतो. म्हणून काठावर उभे राहू नये; मागे सरून, झुडपाच्या आड बसावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. खडकावर पाय आपटू नये. माशाने आमिष घेतल्यावर हिसका देऊ नये. तंगूस ताणली गेली की काठी वर उचलावी. धाव घेईल तेव्हा तंगूस सोडावी, थांबेल तेव्हा गुंडाळावी. घाई करणाऱ्याची तंगूस तुटते, आणि फार वेळ खेळवीत बसणाऱ्याचा मासा मरतो. दोहोंच्या मध्ये राहावे.

किती घ्यावे.— घरच्या ताटापुरते लहान व मध्यम मासे घ्यावेत. महसीरची मोठी मादी मात्र सोडून द्यावी. सोडताना हात प्रथम पाण्यात ओले करावेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो व त्यास रोग जडतो. मासा वाळूवर लोळवू नये. त्याचे तोंड धारेच्या दिशेस करून त्यास पाण्यात हलकेच धरावे, आणि तो स्वतःच्या जोराने निघून जाईपर्यंत थांबावे. पाण्याचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असेल तर प्रथम तिची परवानगी घ्यावी. भोई बांधवांची पोटाची भाकरी त्या पाण्यावर आहे, आपला विरंगुळा नंतर.

आमचा एक अनुभव.— नोकरीत असता एका वैशाखात टंचाईच्या पाहणीस आम्ही एका नदीकाठच्या गावी गेलो होतो. गावच्या विहिरी आटल्या होत्या, पण गावाखालच्या डोहात पुरुषभर पाणी होते, आणि साऱ्या गावची गुरे त्याच पाण्यावर जगत होती. डोहावर एक जुने उंबर. त्याच्या मुळीवर एक म्हातारे शेतकरी गळ टाकून बसले होते. गाव त्यांस आबा म्हणे. आमच्यादेखत त्यांनी हातभर लांबीचा महसीर काढला, त्यास एकवार न्याहाळले, आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “भाऊसाहेब, ही मादी हाय. बियाण्याची कणसं का कुणी दळून खातं?” त्यांच्या कमरेच्या फडक्यात वीतभर लांबीचे दोन मासे होते, आणि तेवढ्यावर ते उठून घरी गेले.

दुसऱ्या वर्षी त्याच गावी पुन्हा जावे लागले, ते पंचनाम्यासाठी. रात्री कोणी तरी डोहात पिकावर फवारावयाचे औषध ओतले होते. मोठे मासे उजाडण्यापूर्वीच पोत्यांत भरून नेलेले; मागे उरली होती बोटाएवढी पिले, पांढरी पोटे वर करून काठभर पसरलेली. चार दिवस पाण्यास दुर्गंधी येत होती. गुरांस ते पाणी पाजू नये अशी दवंडी द्यावी लागली, आणि ऐन टंचाईत गावचा उरलासुरला आधार गेला. पंचनाम्यावर सह्या करण्यास पाच पंच मिळाले. परंतु कोणी केले हे सांगावयास एकही साक्षीदार पुढे आला नाही. आबा काठावर बसून होते. ते आमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

त्या दिवशी आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. त्यापूर्वी दुसऱ्या एका गावी मुक्कामास असता आमच्या ताटात माशांचे कालवण आले होते. डोहात सुरुंग लावून ते मासे काढले होते, हे बाहेरच्या बोलण्यावरून आम्हांस कळले होते. आम्ही जेवलो; विचारले काहीच नाही. कायदा मोडणाऱ्याइतकाच जेवणाराही दोषी असतो, हे आम्हांस मेलेली पिले पाहिल्यावर कळले. उशिरा कळले, म्हणूनच येथे लिहीत आहोत.

डोहाचा नाश कशाने होतो.— पूर्वी गेळफळ किंवा शेराचा चीक घालून मासे गुंगविण्याची चाल होती. तीही वाईटच, पण आता तिच्या जागी कीटकनाशके, ब्लीचिंग पावडर, जिलेटिनचे सुरुंग आणि पंपाच्या स्टार्टरवरून पाण्यात सोडलेली विजेची तार आली आहे. विजेच्या तारेने मासे तर मरतातच, पण पाण्यात उतरलेली माणसेही मरतात. सुरुंगाने मेलेल्या माशांपैकी पुष्कळसे तळाशी बसतात व कोणाच्याच हाती लागत नाहीत. विष लहान-मोठे निवडीत नाही. गळ एकेक मासा विचारून घेतो. विष कणगीच पेटवून देते.

कायदाही याविषयी नवा नाही. १८९७ च्या हिंदुस्थानातील मत्स्य कायद्याच्या ४ थ्या कलमाने पाण्यात स्फोटक वापरून मासे मारण्यास, आणि ५ व्या कलमाने विष घालण्यास, दोन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेविला होता. आजही ही दोन्ही कृत्ये गुन्हाच आहेत. परंतु कायद्यास साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार गावातूनच यावा लागतो.

परदेशचा दाखला.— अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातून सस्क्वेहाना नावाची मोठी नदी वाहते. तिच्या काठी उत्तम शेती आहे, आणि उन्हाळ्यात तिच्या उथळ, खडकाळ पाण्यात ‘स्मॉलमाउथ बास’ म्हणजे लहान तोंडाचा बास धरण्याचा नाद तेथील लोकांस फार. हा मासाही आपल्या महसीरप्रमाणे धार, धोंडे व गार पाणी शोधतो. २००५ च्या उन्हाळ्यात या माशाची पिले त्या नदीत मोठ्या प्रमाणावर मेली. पुढे झालेल्या तपासात रोगजंतू व परोपजीवी, तसेच पाण्यात उतरलेली तणनाशके आणि शरीरातील ग्रंथिरसांत बिघाड करणारी रसायने, ही मुख्य संभाव्य कारणे ठरली. त्या नदीच्या मोठ्या भागात धरलेला बास तत्काळ परत सोडण्याचा, आणि विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवण्याचा नियम झाला. त्या खोऱ्यातील पुष्कळ शेतकरी ओढ्याकाठी झाडांचा पट्टा राखतात व गुरे पात्रात उतरू नयेत म्हणून कुंपण घालतात. त्यास सरकारी साह्यही मिळते. नदीतील मासा हा काठच्या शेताचाही हिशेब सांगतो, हा यातील बोध.

शेतकऱ्यांनी काय करावे.— नदीकाठचे सातबारे ज्यांच्या नावे आहेत, त्यांच्याच हाती डोहाचे बरेचसे भवितव्य आहे. पुढील गोष्टींस खर्च नाही, किंवा असला तर थोडा आहे.

१. काठचे उंबर, जांभूळ व करंज तोडू नये. बांधावरच्या एका झाडाच्या सावलीने पीक थोडे दबते हे खरे. पण त्याच झाडाची मुळे थडी धरून ठेवतात व तिच्याबरोबर आपली जमीनही.
२. फवाऱ्याचे पंप व औषधाचे डबे नदीत धुऊ नयेत. सायपरमेथ्रिन व त्या गटातील कीटकनाशके माशांस अत्यंत विषारी आहेत. धुवण शेतातच, पाण्यापासून लांब ओतावे.
३. डोहावर पंप असल्यास सर्व काठकऱ्यांनी मिळून खडकावर एक खूण करावी, व पाणी त्या खुणेखाली गेले की पंप बंद ठेवावेत. फुटबॉलला बारीक जाळी बांधावी, म्हणजे पिले ओढली जात नाहीत.
४. डोहाच्या तोंडची वाळू व गोटे उपसू देऊ नयेत. महसीरचे बाळंतघर तेच आहे.
५. गावाने एक डोह राखीव ठरवावा व त्यात गळसुद्धा टाकू नये.

शेवटची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड येथे वरदायिनी देवीचा डोह आहे. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे महादेवाचा डोह आहे. दोन्ही ठिकाणी देवाचे म्हणून मासे कोणी धरीत नाही, उलट भाविक त्यांस खाऊ घालतात, आणि महसीर तेथे काठाशी येऊन खातात. ज्यांस देव मानावयाचा त्यांनी देवाचे मानावेत, ज्यांस हिशेब मानावयाचा त्यांनी बियाणे मानावे. परिणाम एकच आहे.

बाहेरच्या बियाण्याविषयी इशारा.— डोह ओस पडला म्हणजे कोठून तरी मत्स्यबीज आणून सोडावे, असे कित्येकांस वाटते. यात विचार पाहिजे. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतर महसीरची अंडी काढून पिले वाढविण्याची रीत बसविली, आणि तेथून लाखो पिले देशभर गेली. हे काम थोर आहे. परंतु तीच पिले कावेरीत सोडली गेल्यावर तेथे ती माजली, आणि कावेरीचा मूळचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे पडत गेला. २०१८ साली त्याची नोंद अतिशय धोक्यातील जातींत झाली. चांगले बियाणेही परक्या शेतात तण होऊ शकते. १९५२ साली देशात आणलेल्या तिलापियाने आपल्या तळ्यांत व नद्यांत काय केले, हे तर आपण डोळ्यांनी पाहतोच. म्हणून ज्या नदीत जो मासा मूळचा, तोच तेथे राखावा. आणि बीज सोडावयाचेच झाल्यास मत्स्यव्यवसाय खात्याचा सल्ला घेतल्यावाचून सोडू नये. वरच्या अंगास एखादा डोह जिवंत असेल आणि मध्ये बंधाऱ्याची आडकाठी नसेल, तर पुराबरोबर मासा आपण होऊन खाली येतो.

वर सांगितलेल्या गावी निवृत्तीनंतर आम्ही पुन्हा गेलो. आबा आता नाहीत. डोहावर त्यांचा नातू भेटला. ग्रामसभेने डोहाचा वरचा अर्धा भाग राखीव केला आहे, आणि वैशाखात रात्री दोन-दोन घरांनी पाळीने राखण करावयाची असे ठरले आहे. त्याने उंबराखाली नेऊन पाण्याकडे बोट दाखविले. धारेत तोंड करून वीतभर लांबीचे सात-आठ महसीर उभे होते. आमच्या पिशवीत गळ होता. तो आम्ही बाहेर काढला नाही.

मृग लागण्यास अजून अवकाश आहे. डोहांतील पाणी या महिन्यात सर्वांत कमी आणि विष ओतणाऱ्याचा मोह सर्वांत मोठा असतो. वाचकांपैकी ज्यांची शेते नदीस लागून आहेत, त्यांनी या अमावास्येपूर्वी चार काठकरी एकत्र बसवून राखणीची पाळी लावावी, ही आमची विनंती. घरची कणगी आपण उंदरापासून राखतो. नदीची कणगी माणसापासून राखावयाची आहे, इतकाच काय तो फरक.